रसवंतीचं चिपाड, बार्लीचा चोथा आणि धिंगरी अळिंबी: सोलापुरात काय जमेल?

माळरान
उन्हाळा लागला की सोलापुरात चौकाचौकात रसवंत्या सुरू होतात आणि रोज संध्याकाळी प्रत्येकीमागे चिपाडाचा ढीग पडतो. त्यातला बराचसा कचरागाडीत जातो, नाहीतर जाळला जातो. चहाच्या टपऱ्यांचा चोथा आणि ज्यूस सेंटरवरची डाळिंबाची सालं यांचीही तीच गत. शिवाय बिअरच्या कारखान्यातला बार्लीचा चोथा अळिंबीला उत्तम असतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं.
विचारायचं असं आहे:
हा सगळा पेयांच्या धंद्यातला टाकाऊ माल वापरून सोलापूरच्या हवेत धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घेता येईल का? मिश्रण कोणत्या प्रमाणात करावं? आणि निर्जंतुकीकरण औषधाने, गरम पाण्याने की चुन्याने?
१२ बाय १५ फुटांची पत्र्याची खोली धरून सांगा. चर्चा सगळ्यांच्या कामाची व्हावी म्हणून आकडे लिहून द्या, ही विनंती.

उजनीकाठ
चिपाडावर धिंगरी नक्की येते. पण साखर कारखान्यातलं बगॅस, म्हणजे ऊस गाळून उरलेला चोथा, आणि रसवंतीचं चिपाड हे एकच समजू नका. कारखान्यात ऊस चार-पाच गिरण्यांमधून जातो, वर पाणी मारून उरलीसुरली साखरही काढून घेतात. रसवंतीच्या चरकातून ऊस दोन-तीन वेळा फिरवला तरी चिपाडात चिकट गोडवा राहतो. बहुतेकांची पहिली खेप याच गोडव्यामुळे जाते.
कारण सोपं आहे. धिंगरी लाकूडखाऊ आहे. काडातलं लिग्निन आणि सेल्युलोज फोडून ती जगते आणि हे काम ती सावकाश करते. हिरवी बुरशी (ट्रायकोडर्मा), यीस्ट आणि काळी बुरशी यांना मोकळी साखर मिळाली की ती दोन दिवसांत पसरतात. गोड चिपाड भरलेल्या पिशवीत धिंगरीच्या तंतूंचं पांढरं जाळं पसरायच्या आत हिरवे डाग दिसतात आणि आंबूस दारूसारखा वास येतो.

कडबाकुट्टी
उजनीकाठ यांनी मुद्दा बरोबर धरलाय. साखर घालवण्याच्या दोन रीती आहेत.
पहिली, धुणं. चिपाड कुट्टी यंत्रातून २ ते ३ सेंटिमीटर कापायचं, जाळीच्या पोत्यात भरून ८ ते १० तास बुडवायचं, निथळून पाणी बदलायचं, परत ४-५ तास. शेवटचं पाणी बोटाला चिकट लागायला नको. यात पाणी भरपूर जातं, पण ते झाडांना चालतं. बुंध्याशी मात्र ओतू नका, मुंग्या येतात.
दुसरी, आंबवणं. ओलं, कापलेलं चिपाड कमरेइतक्या ढिगात रचा आणि दर दुसऱ्या दिवशी खालवर करा. ढीग आतून ५०-६० अंशांपर्यंत तापतो आणि साखर तिथेच जिवाणू खाऊन टाकतात. ५-६ दिवसांत आंबूस वास जाऊन मातीसारखा वास आला की पसरून वाळवा. पाण्याची टंचाई असलेल्या गावाला हीच रीत परवडते.
आणखी एक. चरकाच्या दातऱ्या चक्रांचं ग्रीस लागलेलं काळं चिपाड आणि मध्ये अडकलेल्या लिंबाच्या फोडी आधीच वेचून टाका.

हुरडा
चिपाड कशाला? आपल्याकडे ज्वारीचा कडबा आहे की. त्यावर धिंगरी छान येते.

मंगळवेढेकर
येते, पण मालदांडी ज्वारीचा कडबा हे जनावराच्या तोंडचं अन्न आहे. मंगळवेढा-मोहोळ भागात ज्वारी धान्याइतकीच कडब्यासाठी पेरतात आणि दुष्काळाच्या वर्षी पेंढीचा भाव कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. जनावरं आवडीने खातात त्यावर अळिंबी घ्यायची नाही, हा नियम पाळलेला बरा. सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा), तुरीचं भुसकट, गव्हाचं काड, मक्याची बुरकुंडं, भुईमुगाची टरफलं, करमाळा-टेंभुर्णी पट्ट्यातली केळीची वाळकी पानं आणि उसाचं पाचट, एवढं असताना कडब्याला हात लावायची गरज नाही.
ज्वारीचा खरा उपयोग बियाण्यात, म्हणजे स्पॉनमध्ये. दाणे निम्मे शिजवून, निथळून, त्यात २ टक्के जिप्सम आणि अर्धा टक्का खडूची भुकटी मिसळून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या भांड्यात) निर्जंतुक करतात आणि त्यावर जाळं वाढवतात. जिप्सममुळे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत.

भुईकोट
आता बार्लीच्या चोथ्याबद्दल, कारण तिथे गैरसमज जास्त आहेत.
बिअरचे कारखाने संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. तिथून सोलापूरला माल यायचा म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास वाहतूक. ओल्या चोथ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. १० किलो कोरडा माल मिळवायला ४५ किलो ओला आणावा लागतो, म्हणजे भाडं पाण्याचंच भरायचं. आपल्या उन्हाळ्यात तो एका दिवसात आंबतो. आणि तो फुकट पडलेला नसतो, दूधवाले पशुखाद्य म्हणून उचलतात. त्यांच्याशी भावात स्पर्धा करून अळिंबी परवडत नाही.
चोथा वाईट नाही. कोरड्या वजनावर त्यात २० टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, म्हणजे नत्र साडेतीन टक्क्यांच्या वर. पण म्हणूनच तो मसाल्यासारखा वापरायचा. हिशोब असा: चिपाडात नत्र साधारण ०.३ टक्के, चोथ्यात ३.७ टक्के धरू.
९० किलो कोरडं चिपाड आणि १० किलो कोरडा चोथा: ०.२७ आणि ०.३७, मिळून ०.६४ टक्के.
७० किलो चिपाड आणि ३० किलो चोथा: ०.२१ आणि १.११, मिळून १.३२ टक्के.
नुसत्या गरम पाण्याच्या किंवा चुन्याच्या प्रक्रियेवर काम करायचं असेल तर ०.६ ते ०.८ टक्क्यांच्या आसपास थांबा. १ टक्क्याच्या वर गेलात की हिरवी बुरशी आणि शाईछत्री (कोप्रिनस) दोघीही येतात. मग १५ पौंड दाबावर दीड-दोन तास ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय गत्यंतर नाही.

माळरान
भुईकोट, हिशोब एकदम स्पष्ट झाला. मग चोथ्याऐवजी इथलं काय घालता येईल?

भुईकोट
गव्हाचा कोंडा किंवा तुरीची चुणी, म्हणजे डाळ करताना उरलेला चुरा. बार्शीकडे डाळमिल्स आहेत, चुणी सहज मिळते. कोंडा कोरड्या वजनाच्या ५ ते ८ टक्के, त्यावर नको. आणि ज्यांना नुसत्या चुन्याच्या प्रक्रियेवर काम करायचंय त्यांनी कोंडासुद्धा घालू नये. निम्मं चिपाड आणि निम्मी सोयाबीनची गुळी घेतली की गुळीतलं नत्र पुरतं.

काळी_माती
५०:५० चा आणखी एक फायदा. नुसतं चिपाड फुसफुशीत असतं. पिशवी दाबून भरली तरी आत पोकळी राहते आणि त्या पोकळीत जाळं अडतं. गुळी बारीक असल्याने फटी भरते.
चिपाडाच्या ओलाव्याबद्दलही सांगतो. त्यातला भेंड, म्हणजे मधला स्पंजासारखा भाग, पाणी धरून ठेवतो. वरून निथळलेलं दिसतं, पण पिशवीत भरल्यावर दुसऱ्या दिवशी तळाशी पाणी साचतं आणि तिथला भाग सडतो. म्हणून तिरक्या खाटेवर किंवा जाळीवर ५-६ तास निथळू द्या आणि मूठपरीक्षा करा. मुठीत घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब बोटांच्या फटीत दिसावा, धार लागू नये. ओलावा ६० ते ६५ टक्के म्हणतात तो हाच. धार लागली तर ताडपत्रीवर सावलीत अर्धा तास पसरा.

डाळिंबवाला_सांगोला
डाळिंबाच्या सालींचं काय? फळाच्या वजनात साल निम्म्याच्या जवळपास जाते आणि ज्यूसवाले पोत्यांनी टाकतात.

उजनीकाठ
नको. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं आणि ते बुरशीला रोखतं. अळिंबी हीही बुरशीच आहे. थोडी मिसळली तरी जाळं मंदावतं, जास्त झाली तर पसरतच नाही. साल उन्हात वाळवून रंगकाम आणि आयुर्वेदिक औषधांच्या व्यापाऱ्यांकडे जाऊ द्या, तिला तिथे मोल आहे. मोसंबी-लिंबाच्या सालींनाही हाच नियम: तेल आणि आम्ल, दोन्ही त्रासाचे.

चहाटपरी_सात_रस्ता
आणि चहाचा चोथा? तो तर मुबलक आहे.

काळी_माती
चहाच्या पानात नत्र चांगलं असतं, त्यामुळे तोही मसाल्यातच धरा. कोरड्या वजनाच्या ५ टक्के, फार तर १० टक्के. अडचण अशी की आपल्याकडचा चोथा दूध-साखरेत उकळलेला असतो. दुधाची स्निग्धता आणि साखर राहिली की कुजका वास येतो आणि चिलटं जमतात. त्याच दिवशी दोन पाण्यांनी धुवा, आल्याचे तुकडे काढा, पातळ थरात वाळवा. दुसऱ्या दिवसापर्यंत ओला राहिलेला चोथा घेऊच नका, त्यावर बुरशी धरलेली असते.

बार्शी_लाईट
आता पद्धतीचं बघा. सरकारी प्रशिक्षणांत शिकवतात ती रासायनिक पद्धत अशी: १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम ५० टक्के भुकटी आणि १२५ मिलि फॉर्मेलिन, त्यात काड १६ ते १८ तास झाकून बुडवायचं, मग निथळायचं. सरपण लागत नाही, भांडं तापवावं लागत नाही. नवशिक्याला हीच सोपी.

मंगळवेढेकर
सोपी आहे, पण मी तिच्या विरोधात आहे. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. त्याच्या वाफेने डोळे-घसा जळतात आणि काम करणाऱ्या बायाबापड्यांना हातमोजे-मास्क कोणी देत नाही. कार्बेन्डाझिम हे आंतरप्रवाही बुरशीनाशक आहे. खायच्या बुरशीच्या अन्नातच ते मिसळायचं, हे कितपत पटतं? शिवाय शंभर-दोनशे लिटर पाणी नंतर ओतायचं कुठे? ओढ्यात की विहिरीशेजारी? आणि पीक संपल्यावर उरलेला माल जनावरापुढे टाकता येत नाही तो वेगळाच.

बार्शी_लाईट
मान्य, पण गरम पाण्याला इंधनखर्च आहे. पर्याय सांगा.

मंगळवेढेकर
इंधन तुमच्याकडेच आहे. ढिगातलं ग्रीस लागलेलं, पिशवीत भरता न येणारं चिपाड वाळवा आणि चुलीत घाला.
कृती: २०० लिटरचं लोखंडी पिंप, अर्ध्यापेक्षा थोडं जास्त पाणी. पाणी ८० अंशांवर आणायचं. कापलेला, भिजवलेला माल जाळीच्या पोत्यात बुडवला की पाणी ७० च्या आसपास उतरतं. मग १ तास ६५ ते ७० च्या मध्ये राखायचं. ११० अंशांपर्यंतचा काचेचा थर्मामीटर लागतोच, हात घालून अंदाज चालत नाही. वर दगड ठेवा, चिपाड तरंगतं आणि तरंगलेला भाग कच्चा राहतो.
खळखळ उकळायचा मोह टाळा. ६५-७० अंशांत अपायकारक बुरशी मरते, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू टिकतात आणि ते नंतर पडणाऱ्या बुरशीला जागा देत नाहीत. पूर्ण निर्जंतुक माल उघड्या खोलीत भरला तर त्यावर जो पहिला पडेल त्याचं राज्य. ऑटोक्लेव्ह केलेला माल म्हणूनच बंदिस्त, स्वच्छ जागेतच भरावा लागतो.

काळी_माती
सरपण अजिबात नको असेल तर चुना. १०० लिटर पाण्याला ४०० ते ५०० ग्रॅम विरवलेला चुना ढवळून घाला. पाण्यात विरघळतो त्यापेक्षा हा जास्त आहे. तो खाली बसतो आणि मालातलं आम्ल वापरून संपेल तसा पुरवठा करतो. सामू (पीएच) १२ च्या वर पाहिजे, लिटमससारख्या पट्ट्या प्रयोगशाळेच्या दुकानात मिळतात. माल १२ ते १८ तास पूर्ण बुडालेला हवा, मग निथळा. आंबलेलं चिपाड असेल तर सकाळी परत सामू तपासा, ११ च्या खाली गेला असेल तर प्रक्रिया फुकट गेली.
पिशवीत भरल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून सामू हळूहळू उतरतो, म्हणून जाळं पसरायला दोन-तीन दिवस जास्त घेतं. घाबरू नका.
ॲल्युमिनियमची भांडी चुन्यात खराब होतात, प्लास्टिकची टाकी वापरा. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे.

शेंगाचटणी
पिशवी भरायची पद्धत कोणी सविस्तर सांगेल का? गुळीवर काम करायची माहिती आहे, चिपाडावर नाही.

कडबाकुट्टी
फार फरक नाही. ४५ बाय ६० सेंटिमीटरची पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, ओला माल ५ किलो. स्पॉन ओल्या वजनाच्या २ ते ३ टक्के. चिपाडाला ३ धरा, म्हणजे १५० ग्रॅम. तळाशी ८-१० सेंटिमीटर थर, दाबायचा, कडेकडेने स्पॉन, परत थर. असे चार-पाच थर आणि सर्वात वर स्पॉनचा पातळ थर. चिपाड मुठीने न दाबता पायलीच्या तळाने दाबा, पिशवी ढोलासारखी घट्ट वाजली पाहिजे. तोंड बांधून सुईने २०-२५ भोकं पाडा.
स्पॉन २०-२५ दिवसांचं ताजं घ्या. पिशवीत पिवळं पाणी सुटलेलं, हिरवट ठिपका असलेलं किंवा आंबट वासाचं स्पॉन स्वस्तात मिळालं तरी परत करा.
अंधारात, २४ ते २८ अंशांत, चिपाड-गुळी मिश्रणावर जाळं १८ ते २२ दिवसांत भरतं. पिशवी पूर्ण पांढरी झाल्याशिवाय कापायची घाई करू नका.

भुईकोट
इथे एक थर्मामीटर पिशवीच्या पोटात खुपसून ठेवा. जाळं वाढताना उष्णता बाहेर टाकतं. खोली २८ अंशांवर असली तरी पिशवीच्या मध्यात ३२-३५ होऊ शकतं, नत्र जास्त घातलं असेल तर आणखी वर. मध्यात ३५ च्या वर गेलं की जाळं दमतं, ४० ला मरतं आणि मेलेल्या जाळ्यावर हिरवी बुरशी लगेच बसते. 'स्पॉन खराब होतं' अशी तक्रार होते त्यात पुष्कळदा दोष उष्णतेचा असतो. पिशव्या एकमेकींना चिकटवून रचू नका, चहूबाजूंनी २० सेंटिमीटर मोकळं ठेवा. तुमच्या १२ बाय १५ च्या खोलीत तीन मजली मांडणीवर येण्याजाण्याची वाट सोडून १०० पिशव्या बसतात, दीडशे कोंबू नका.

हुरडा
पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये ४२ अंश. मग काय करायचं?

उजनीकाठ
पत्र्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर, त्यावर शेडनेट. आतून बारदानाचे पडदे, जमिनीवर ओली वाळू. एवढ्याने ५-६ अंश उतरतात.
पुढचं काम कूलरचं. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्याचा इथे फायदाच आहे. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तेव्हा ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जितकी थंड होऊ शकते ते, २२-२३ च्या आसपास येतं. चांगला, वाळ्याच्या किंवा मधमाशीच्या पोळ्यासारख्या पॅडचा कूलर ८० टक्के काम करतो, म्हणजे पॅडमधून निघणारी हवा २६ अंशांच्या आसपास आणि चांगली ओलसर. कोकणात हे जमत नाही, कारण तिथली हवा आधीच ओली.
दोन अडचणी मात्र आहेत. पाणी खूप लागतं आणि वीज गेली की तासाभरात खोली तापते. इन्व्हर्टर नसेल तर एप्रिल-मेमध्ये धिंगरीचा नाद सोडा.

बार्शी_लाईट
एप्रिल-मेमध्ये धिंगरीच का? दुधी अळिंबी आहे ना. कॅलोसायबी इंडिका, ३० ते ३५ अंशांत येणारी. मुळात आपल्या देशातलीच, पश्चिम बंगालमधून नोंदलेली, १९७४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. पांढरीशुभ्र, जाड देठाची. साध्या हवेत तीन-चार दिवस टिकते, धिंगरी एका दिवसात मलूल होते. सोलापूरच्या उन्हाळ्याला तीच योग्य.

शेंगाचटणी
तिला वर मातीचा थर लागतो ना?

बार्शी_लाईट
हो, आणि तिथेच बहुतेकजण चुकतात. जाळं भरल्यावर पिशवीचं तोंड उघडून वर २ ते ३ सेंटिमीटर माती घालायची. बागेतली माती आणि वाळू किंवा जुनं कुजलेलं शेणखत, समान. ही माती वेगळी वाफवायला लागते. सामू ७.५ ते ८, कमी असेल तर खडूची भुकटी. आपली काळी माती एकटी वापरू नका, ओली झाली की चिकट होते आणि वाळली की भेगा पडतात, वाळू मिसळावीच लागते. स्पॉन ४ ते ५ टक्के. माती घातल्यावर ८-१० दिवसांनी कोंब दिसतात. आर्द्रता ८० ते ९० टक्के, आणि उजेड हवा.
चिपाड मात्र हिलाही धुतलेलंच हवं. साखर इथे जास्तच महागात पडते, कारण तापमान जास्त आहे.

माळरान
म्हणजे रसवंत्यांचा हंगाम फेब्रुवारी ते मे आणि धिंगरीचा चांगला काळ जुलै ते फेब्रुवारी. चिपाड मिळतं तेव्हा धिंगरी नाही, धिंगरी होते तेव्हा चिपाड नाही. यावर काय उपाय?

कडबाकुट्टी
उपाय आपल्या उन्हातच आहे. मार्च ते मे रोज संध्याकाळी चिपाड उचला, दुसऱ्या दिवशी सकाळी कापा, आंबवा किंवा धुवा, आणि सिमेंटच्या खळ्यावर ५ सेंटिमीटर थरात पसरा. सोलापूरच्या उन्हात दीड-दोन दिवसांत कुरकुरीत होतं. पोत्यात भरून, लाकडी पाटावर रचून, पावसाआधी छपराखाली घ्या. एकदा ओलसर झालेलं पोतं बाजूला काढा, त्यावर काळी बुरशी असते आणि तिची भुकटी नाकात जाते.
न धुता साठवलेल्या गोड चिपाडाला पावसाळ्यात दमट हवा लागली की तेच पोतं बुरशीचं घर होतं. म्हणून आधी साखर घालवा, मग साठवा. हा क्रम उलटा करू नका.

डाळिंबवाला_सांगोला
पिशवी कापल्यावर पुढे काय काय बिघडतं तेही सांगा कोणी. जाळं पसरेपर्यंत सगळं ठीक असतं, नंतर फसतं.

काळी_माती
लक्षणं पाहून कारण ओळखता येतं.
देठ लांब, टोपी बटणाएवढी: हवा कोंडली आहे किंवा उजेड कमी. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या उघडा, वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड ८-१० तास द्या.
टोपीच्या कडा फाटलेल्या, पिवळट, कोरड्या: आर्द्रता ८० च्या खाली. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी हवा फार कोरडी होते. म्हणून पिशवी पूर्ण सोलून काढू नका. ५ सेंटिमीटरचे ६-८ उभे काप द्या, बाकी प्लास्टिक तसंच राहू द्या. पुणे-महाबळेश्वरकडे सोलतात ते इथे चालत नाही.
टोपीवर चिकट तपकिरी डाग आणि वास: पाणी टोपीवर साचून राहतंय. जिवाणूंचा रोग. फवारा भिंती-जमिनीवर मारा, कोंबांवर धार नको, आणि फवारल्यावर अर्धा तास हवा खेळू द्या.
कोंब येऊन मोहरीएवढे असतानाच सुकणं: कूलरचा झोत थेट लागतोय.
काळी चिलटं: अळ्या जाळं खातात आणि देठ पोखरतात. दारं-खिडक्यांना ४० मेशची जाळी, पिवळे चिकट सापळे, आणि तोडणीनंतर राहिलेली देठं रोज काढून लांब पुरा. कीटकनाशकाचा फवारा मुळीच नको. धिंगरी चार-पाच दिवसांत तोडणीला येते, औषध उतरायला वेळच नसतो.

मंगळवेढेकर
तोडणीत एक भर. टोपीची कड खाली वळलेली असतानाच, पिळून मुळासकट काढा. कड वर उलटली की बीजाणू उडायला लागतात, खोलीत पांढरं धुकं दिसतं. रोज तो धूर छातीत गेला की खोकला, ताप आणि दम्यासारखा त्रास होतो. तोडणाऱ्याला मास्क आणि तोडणीआधी दारं उघडी.

शेंगाचटणी
जरा वेगळा मुद्दा, पण विक्रीचा आहे. ताजी धिंगरी सोलापुरात रोज किती खपेल याची खात्री नसते. श्रावणात तर बऱ्याच घरांत अळिंबी चालत नाही. उरलेला माल वाळवा. १० किलो ताज्याचं १ किलो होतं. उन्हात पातळ सुती कापडाखाली, किंवा ड्रायरमध्ये ४५-५० अंशांवर. काडीसारखी कट्कन मोडली की वाळली, वाकली तर ओल आहे. हवाबंद डब्यात भरा.
भुकटी करून शेंगा चटणीत १० टक्क्यांपर्यंत घातली तर चव खुलते आणि चटणीचा पोत बदलत नाही. लसूण-तिखट परतल्यावर, कूट घालायच्या आधी घाला. पाकीट करून विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी लागेल.

चहाटपरी_सात_रस्ता
चटणीची कल्पना भारी आहे. गड्ड्याच्या यात्रेत ठेवा, जानेवारीत धिंगरीही भरात असते.

माळरान
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. आतापर्यंतचं वाचून १०० किलो कोरड्या मालाची खेप अशी ठरते, चुकत असेल तर सुधारा.
वाळवलेलं, साखर घालवलेलं चिपाड ५० किलो, सोयाबीनची गुळी ५० किलो. कोंडा, चोथा, चहा काही नाही. गरम पाणी ६५-७० अंश, १ तास. ६५ टक्के ओलाव्याने भिजून साधारण २८५ किलो, म्हणजे ५ किलोच्या ५७ पिशव्या. ३ टक्क्यांनी स्पॉन साडेआठ किलो. सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

भुईकोट
बरोबर. उत्पन्न कोरड्या वजनाच्या ५० टक्केच धरून खर्चाचा मेळ घाला, म्हणजे तीन तोडण्यांत मिळून ५० किलो. ६०-७० मिळाले तर वरचा फायदा. पहिल्या तोडणीत निम्म्याहून जास्त येतं. तिसरीनंतर पिशव्या ठेवू नका, चिलटांची पैदास होते.
१०० किलोची खेप एकदम भरण्याआधी ५ पिशव्या नुसत्या गुळीच्या, ५ मिश्रणाच्या आणि ५ नुसत्या चिपाडाच्या भरा. पिशवीवर तारीख, मिश्रण आणि स्पॉनचा बॅच लिहा आणि प्रत्येक तोडणीचं वजन वेगळं टिपा. तुमच्या भागातलं चिपाड किती धुवावं लागतं हे त्या १५ पिशव्याच सांगतील.
प्रशिक्षणासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आहे, सोलापूर आणि मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा. देशाचं अळिंबी संशोधन संचालनालय हिमाचलात सोलनला आहे.

डाळिंबवाला_सांगोला
आणि संपलेल्या पिशव्यांचा माल? डाळिंबाला चालेल?

मंगळवेढेकर
चालेल, पण लगेच नको. प्लास्टिक काढून, शेणकाल्यात भिजवून दोन महिने कुजवा किंवा गांडूळखताच्या बेडला द्या. मग बुंध्यापासून हातभर लांब आळ्यात आच्छादन करा. ताजंच टाकलं तर कुजताना ते मातीतलं नत्र ओढतं. चुन्याची प्रक्रिया केलेला माल आपल्या चुनखडीच्या जमिनीत घालू नका, आधीच सामू ८ च्या पुढे असतो आणि पानं पिवळी पडतात. गरम पाण्याचा माल तिथे बिनधास्त चालतो.

माळरान
हे महत्त्वाचं. मग गरम पाणीच नक्की. १५ पिशव्यांची वजनं पहिल्या तोडणीनंतर इथेच टाकतो.